गोठलेल्या माणसांनी दाखवलेली वाट

1982 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहरात, सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटर या सार्वजनिक रुग्णालयात 42 वर्षांचा एक माणूस दाखल झाला. तो बोलत नव्हता, हलत नव्हता. त्याचा हात कुणी उचलून सोडला, तर तो खाली न येता तसाच अधांतरी राही. चेहरा मुखवट्यासारखा झाला होता. प्रथमदर्शनी हा मानसिक आजार वाटला, म्हणून त्याला मानसोपचार विभागात ठेवले गेले. तिथून मेंदूविकारतज्ज्ञांना बोलावणे गेले. विभागप्रमुख डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांचे सहकारी डॉ. फिल बॅलार्ड आले.

तपासताना एक गोष्ट लक्षात आली. सारे शरीर थिजलेले असले तरी त्याची बोटे किंचित हलत होती. डॉक्टरांनी त्या बोटांत पेन्सिल दिली आणि हाताखाली कागद सरकवला. बराच वेळ गेला. मग पेन्सिल हळूहळू चालू लागली. आपल्याला काय होते आहे ते कळत नाही, काय करायचे ते मनात स्पष्ट आहे, पण ते शरीरातून बाहेर पडत नाही, अशा अर्थाचे काही त्याने लिहिले. त्या निश्चल देहाच्या आत एक शुद्धीवर असलेला, सारे ऐकणारा, समजणारा माणूस अडकून पडला होता. पेन्सिलीनेच पुढची उत्तरे मिळाली. तो हेरॉइन घेत असे, आणि त्याची मैत्रीणही अशीच गोठून गेली होती.

ही लक्षणे डॉक्टरांच्या ओळखीची होती. ताठरलेले स्नायू, मंदावलेल्या हालचाली, भावहीन चेहरा हे सारे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे चित्र होते, तेही दहा-पंधरा वर्षे मुरलेल्या आजाराचे. पण कंपवात हा प्रामुख्याने उतारवयातला आजार. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. चाळिशीतल्या माणसाला आणि त्याच्याहून तरुण मैत्रिणीला तो काही दिवसांत, एकदमच कसा झाला?

या प्रश्नाच्या उत्तराने मेंदूच्या झिजेच्या आजारांचा अभ्यास एका नव्या जागी नेला. ती जागा म्हणजे पेशीच्या आतली तंतुकणिका, आपण शाळेत जिला पेशीचे ऊर्जाघर म्हणून शिकतो ती मायटोकाँड्रिया.

कंपवाताचे आधुनिक वैद्यकातले पहिले नेमके वर्णन 1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने केले. त्याने एकूण सहा रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांतले काही त्याला रस्त्यावर चालताना दिसलेले होते. पुढे फ्रान्समधल्या शार्को यांनी आजाराला त्याचे नाव दिले. 1919 मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या त्रेत्याकोव्ह या संशोधकाने दाखवले की या रुग्णांच्या मेंदूच्या बुंध्याजवळचा, काळसर रंगामुळे सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणजे कृष्णद्रव्य म्हटला जाणारा भाग फिका पडलेला असतो. तिथल्या पेशी मेलेल्या असतात.

त्या पेशी करतात काय, हे कळायला आणखी चार दशके लागली, आणि त्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, याबद्दल मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते जास्त मात्रेत दिले की माणसे मंद आणि ताठर होत. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसरपिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचले आणि ते काही मिनिटांत उठून हिंडू लागले. त्यावरून डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे उलगडत गेले. 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवाताने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ असल्याचे दाखवले. लेव्होडोपा हे औषध आले ते या वाटेने. हेच लेव्होडोपा आपल्याकडच्या खाजकुहिलीच्या बियांत असते. मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी 1937 मध्येच ते त्या बियांतून वेगळे करून दाखवले होते.

लेव्होडोपाने रुग्ण चालू लागले, जेवू लागले. पण औषध फक्त उणीव भरून काढत होते. कृष्णद्रव्यातल्या पेशी आत मरतच राहत. त्या का मरतात, याचा पत्ता नव्हता. प्रयोगासाठी प्राण्यांत हा आजार हुबेहूब उभा करण्याचे साधनही नव्हते. 1970 च्या दशकात संशोधन इथेच अडून राहिले.

सॅन होझेच्या घटनेआधी सहा वर्षे, 1976 मध्ये, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाच एक प्रकार घडला होता. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावातला रसायनशास्त्राचा एक 23 वर्षांचा विद्यार्थी स्वतःच्या नशेसाठी घरी एक कृत्रिम अफूसदृश पदार्थ बनवत असे. त्याचे नाव एमपीपीपी. पेथिडिन या वेदनाशामकाचा हा जवळचा नातलग 1940 च्या दशकात औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता, पण बाजारात कधी आला नव्हता. विद्यार्थ्याने महिनोन्‌महिने तो नीट बनवला. मग एकदा घाईत कृतीतल्या पायऱ्या गाळल्या. तापमान आणि आम्लता बिघडली की या कृतीत दुसराच पदार्थ तयार होतो, एमपीटीपी. त्याने तो टोचून घेतला आणि थोड्याच दिवसांत तो ताठरला, बोलेनासा झाला.

बेथेस्डातल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी त्याला लेव्होडोपा दिले आणि तो बराच सावरला. त्याच्या उपकरणांतून मिळालेले मिश्रण उंदरांना टोचून पाहिले गेले, पण उंदरांवर फारसा टिकाऊ परिणाम झाला नाही, आणि तपास थांबला. 1978 मध्ये तो मुलगा कोकेनच्या अतिसेवनाने गेला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूतले कृष्णद्रव्य उद्ध्वस्त झालेले आढळले. 1979 मध्ये ही हकीकत मानसोपचाराच्या एका नियतकालिकात छापून आली आणि तिथेच पडून राहिली. एका तरुणाच्या जिवावर बेतलेली, इतक्या मोलाची ही नोंद तीन वर्षे फारशी कुणी वाचली नाही, ही या कहाणीतली चटका लावणारी गोष्ट आहे.

कॅलिफोर्नियात ती नोंद अखेर उपयोगी पडली. सॅन होझेच्या दक्षिणेला वॉटसनव्हिल या शेतीच्या गावात डॉ. जेम्स टेट्रड यांच्याकडे असेच गोठलेले दोन तरुण सख्खे भाऊ आले होते. डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यातून दोन्ही घटनांचा सांधा जुळला. साऱ्यांनी रस्त्यावर ‘नवे हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी भुकटी टोचून घेतली होती. लँगस्टन यांनी वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून लोकांना सावध केले. आणखी रुग्ण सापडले. भुकटीचे नमुने मिळवून तपासले गेले. त्याच सुमारास एका विषतज्ज्ञाला 1979 चा तो विस्मृतीत गेलेला लेख आठवला. कोडे सुटले. भुकटीत प्रामुख्याने एमपीटीपी होते. बेथेस्डातल्या विद्यार्थ्याच्या हातून घडली तीच चूक कॅलिफोर्नियातल्या कुण्या चोरट्या प्रयोगशाळेत पुन्हा घडली होती. फेब्रुवारी 1983 मध्ये लँगस्टन, बॅलार्ड, टेट्रड आणि रसायनतज्ज्ञ इयन अर्विन यांनी ‘सायन्स’मध्ये चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली.

रुग्णांना लेव्होडोपा सुरू केल्यावर सुरुवातीला चमत्कार वाटावा असा फरक पडला. पण काही आठवड्यांतच औषधाचे दुष्परिणाम उमटू लागले. हातपाय अनावर वळवळत, भास होत. वृद्ध रुग्णांना अनेक वर्षांनी जे भोगावे लागते, ते या तरुणांच्या वाट्याला महिन्याभरात आले.

संशोधकांच्या हाती मात्र आता एक नेमके रसायन होते. 1983 मध्येच बेथेस्डातल्या गटाने दाखवले की एमपीटीपीने माकडांना माणसासारखाच कंपवात होतो. उंदरांनी दिलेला चकवा संपला. पुढच्या दोन-तीन वर्षांत, एकेक प्रयोगशाळा एकेक पायरी सोडवत गेली आणि विषाचा सारा प्रवास उलगडला.

तो प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. एमपीटीपी स्वतः फारसे विषारी नाही. ते स्निग्ध पदार्थात सहज मिसळते, म्हणून रक्तातून मेंदूत विनासायास शिरते. तिथे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी नावाचे विकर असते. एरवी ते काही रसायने मोडून साफसफाई करते. ते एमपीटीपीचे रूपांतर एमपीपी-प्लस या खऱ्या विषात करते. 1984 मध्ये हे विकर थोपवणारे औषध प्राण्यांना आधी दिले, तर एमपीटीपीने काहीच इजा होत नाही, असे दिसले. पुढची पायरी 1985 मध्ये उमगली. डोपामिन बनवणाऱ्या पेशी वापरून झालेले डोपामिन परत आत ओढून घेतात. त्यासाठी त्यांच्या भिंतीत खास वाहक प्रथिन असते. ते एमपीपी-प्लसला डोपामिन समजून आत घेते. म्हणूनच मेंदूतल्या इतक्या पेशींमधून नेमक्या कृष्णद्रव्यातल्याच पेशी घायाळ होतात. विष भिंत फोडून येत नाही, पेशी स्वतःच दार उघडून त्याला घरात घेते.

आत आल्यावर ते जाते तंतुकणिकेकडे. 1985 मध्येच न्यू जर्सीमधल्या विल्यम निकलस आणि रिचर्ड हेइकिला यांच्या गटाने दाखवले की एमपीपी-प्लस तंतुकणिकेतले कॉम्प्लेक्स-1 नावाचे यंत्र बंद पाडते.

हे यंत्र काय करते, ते समजायला घाटघरचा उदंचन प्रकल्प डोळ्यांपुढे आणावा. तिथे खालच्या जलाशयातले पाणी पंपांनी वर चढवतात आणि मग ते वरून सोडून त्यावर वीज काढतात. तंतुकणिकेत पाण्याच्या जागी हायड्रोजनचे धनभारित कण असतात. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेवर चालणारे पंप हे कण आतल्या पडद्याच्या पलीकडे ढकलतात. तिथे साठलेले कण परत येताना एका फिरत्या चक्रातून येतात आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचे चलन, तयार होते. कॉम्प्लेक्स-1 हा यातला पहिला आणि सर्वांत मोठा पंप. या पंपांमुळे तंतुकणिकेच्या आतली बाजू ऋणभारित राहते. एमपीपी-प्लसवर धनभार असतो, त्यामुळे ते आत खेचले जाऊन साठत जाते आणि नेमक्या त्या पंपातच अडकते. वर पाणीच चढत नाही. शिवाय अर्धवट अडकलेल्या इलेक्ट्रॉनांतून प्राणवायूची दाहक रूपे तयार होतात आणि आजूबाजूची प्रथिने, स्निग्ध पदार्थ पोखरू लागतात.

मेंदूला हे भारनियमन परवडत नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. त्यातही कृष्णद्रव्यातल्या पेशींवर बोजा मोठा आहे. त्या कुणी न सांगताही ठरावीक लयीत सतत संदेश सोडत राहतात. प्रत्येक पेशीचा तंतू प्रचंड फांद्या फुटून लाखो जोडण्यांपर्यंत पोचतो, आणि त्या शेवटच्या टोकापर्यंत ऊर्जा पुरवावी लागते. पुरवठा थोडा जरी घटला, तरी पहिला फटका यांनाच बसतो.

पण हे सारे नशेच्या भुकटीने झालेल्या आजाराबद्दल होते. आयुष्यात कधी अफू न पाहिलेल्या आजी-आजोबांच्या कंपवाताचे काय? 1989 मध्ये लंडनचे अँथनी शापिरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे कृष्णद्रव्य तपासले. तिथेही कॉम्प्लेक्स-1 चे काम लक्षणीय घटलेले होते. त्याच सुमारास जपानमध्ये योशिकुनी मिझुनो यांच्या गटालाही अशीच तूट आढळली. सॅन होझेतली गोष्ट अपवाद नव्हती, याची ही पहिली साक्ष होती.

दुसरी साक्ष 2000 मध्ये अटलांटातून आली. टिमथी ग्रीनअमायर यांच्या गटाने उंदरांना आठवडेच्या आठवडे थोडे थोडे रोटेनोन दिले. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांत असते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आणि आग्नेय आशियातले लोक मासे गुंगवण्यासाठी ती मुळे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात ठेचत आले, आणि पुढे त्यापासून कीटकनाशक बनले. रोटेनोन शरीरातल्या सगळ्याच पेशींमधले कॉम्प्लेक्स-1 रोखते. तरीही उंदरांत सर्वाधिक हानी झाली ती डोपामिनच्या पेशींची. त्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्याही दिसल्या. अशाच गुठळ्या माणसाच्या कंपवातात दिसतात आणि त्यांना ल्यूई बॉडी म्हणतात.

तिसरी साक्ष जनुकांनी दिली. मिझुनो यांच्या जपानी चमूने 1998 मध्ये तरुणपणी कंपवात होणाऱ्या कुटुंबांत पार्किन नावाचे जनुक बिघडलेले शोधले. 2004 मध्ये युरोपातल्या अशाच कुटुंबांत पिंक-1 हे दुसरे जनुक सापडले, आणि त्याचे प्रथिन तंतुकणिकेतच काम करते असे निघाले. 2006 मध्ये कोरिया आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी फळमाश्यांवर प्रयोग केले. पिंक-1 काढून टाकलेल्या माश्यांचे पंख झुकले, उडण्याचे स्नायू सडले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्नायूंतल्या तंतुकणिका फुगून फुटलेल्या दिसल्या. पार्किन नसलेल्या माश्यांचीही हीच गत होती. पिंक-1 नसलेल्या माशीला जादा पार्किन दिले की ती सुधारे. उलटा प्रयोग मात्र फसला. म्हणजे दोघे एकाच साखळीतले, आणि पिंक-1 आधीच्या कडीवर होते.

साखळीचे काम काय, ते 2008 मध्ये बेथेस्डाच्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कळले. रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत डेरेक नरेंद्र या तरुण संशोधकाने पेशींतल्या तंतुकणिका रसायनाने निकामी केल्या. एरवी पेशीभर पसरलेले पार्किन थोड्याच वेळात त्या निकामी कणिकांभोवती गोळा झाले, आणि पुढे पेशीने त्या कणिका गिळून टाकल्या. नंतरच्या कामातून चित्र पूर्ण झाले. धडधाकट तंतुकणिकेत पिंक-1 टिकत नाही. कणिका बिघडली की ते तिच्या अंगावर साठते आणि पार्किनला खूण करते. पार्किन तिच्यावर ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी डकवते, आणि पेशीची घंटागाडी तिला उचलून नेते. ही घंटागाडीच आली नाही, तर बिघडलेली ऊर्जाघरे आतच धुमसत राहतात. ज्या संस्थेत 1976 मध्ये गोठलेला विद्यार्थी आला होता, तिथेच बत्तीस वर्षांनी तंतुकणिकेचे आरोग्य पेशी कसे राखते, हे उघड झाले.

या साऱ्यातून रुग्णांच्या हाती काय पडले? एक मोठा लाभ वेगळ्याच बाजूने आला. एमपीटीपीमुळे कंपवात झालेल्या माकडांवर अभ्यास करून मॅहलॉन डीलाँग यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवले की मेंदूतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटासा भाग निष्क्रिय केला तर ताठरपणा उतरतो. त्याच जागी विजेच्या तारा बसवून सौम्य स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात रुळवली. आज ती पुण्या-मुंबईतही होते. सॅन होझेच्या रुग्णांपैकी दोघांना स्वीडनमधल्या लुंड इथे नेऊन त्यांच्या मेंदूत गर्भातल्या डोपामिन पेशींचे रोपण केले गेले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांच्या हालचालींत ठळक सुधारणा झाली होती.

तंतुकणिकेला थेट बळ देणारी औषधे मात्र आजवर उपयोगी ठरलेली नाहीत. को-एन्झाइम क्यू-10 चा 80 रुग्णांवरचा प्रयोग 2002 मध्ये आशादायक दिसला. पण 600 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत काही लाभ नाही असे निघाले आणि ती आधीच थांबवावी लागली. क्रिएटिनची 1,700 हून अधिक रुग्णांवरची चाचणीही 2013 मध्ये याच कारणाने बंद झाली. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर कृष्णद्रव्यातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो, हे यामागचे एक कारण मानले जाते. शिवाय हा आजार एकाच रस्त्याने येत नाही. एमपीटीपीच्या तीन रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, त्याचा अहवाल 1999 मध्ये आला. त्यांत ल्यूई बॉडी नव्हत्या. पण विष टोचून कित्येक वर्षे उलटली तरी पेशी मरण्याची आणि दाहाची प्रक्रिया चालूच होती. एकदा लागलेली आग मागे धुमसत राहू शकते, हे त्या तीन मेंदूंनी दाखवले. अल्झायमर आणि मोटर न्यूरॉनच्या आजारांतही तंतुकणिका बिघडलेल्या दिसतात. तिथे तो बिघाड मूळ कारण आहे की आजाराचा परिणाम, यावर काम सुरू आहे.

आपल्याला सर्वांत जवळून भिडणारा परिणाम मात्र शेतातला आहे. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना एमपीपी-प्लसशी मिळतीजुळती आहे, हे 1980 च्या दशकातच ध्यानात आले होते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात आढळले की पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट होते. एवढ्याने एखाद्या शेतकऱ्याचा आजार याच फवारणीमुळे झाला, असे सिद्ध होत नाही. पण धोक्याची खूण म्हणून ती पुरेशी गंभीर आहे. युरोपीय संघात 2007 पासून पॅराक्वाट बंद आहे. भारतात ते अनेक पिकांत वापरले जात आले आहे.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती विषे वेगळी होती आणि मरण काही दिवसांत आले, म्हणून त्याची बातमी झाली, चौकशी झाली. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला उपरणे बांधून तीस वर्षे फवारणी केलेल्या माणसाचा हात साठीत थरथरू लागला, तर घरचे ते म्हातारपण समजतात. त्याने आयुष्यभर काय फवारले, हे तालुक्याच्या दवाखान्यात केस पेपरवर सहसा लिहिले जात नाही. सॅन होझेत डॉक्टरांनी गोठलेल्या माणसाच्या बोटांत पेन्सिल दिली आणि त्याने काय टोचून घेतले ते विचारले. आपल्या शेतकऱ्यालाही तेवढाच एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर नोंदले गेले, तर त्या नोंदींतून पुढच्या पिढीच्या फवारणीबद्दल काही ठरवता येईल.